मदत हवी आहे: हलाल चिकन, लगेच

वाशिष्ठी (३ मे २०२०, दुपारी ३:१०)
आज नववा रोजा. आमच्या चिकनवाल्याचं दुकान बंद. ॲपवर 'हलाल' वाचून दोन किलो मागवलं, तर पाकिटावर नुसता तपकिरी ठिपका आणि परवाना क्रमांक. सासूबाई म्हणतात, कुणी कापलं ठाऊक नाही, माझ्या पातेल्यात पडायचं नाही. वेगळ्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवलंय. काय करू? लवकर सांगा.

निळाई
कुठल्या शहरात आहात?

सह्यकडा
चिकन खाऊन कोरोना होत नाही, बिनधास्त खा. त्या अफवेपायी काकांनी मार्चमध्ये पोल्ट्रीतले पक्षी फुकट वाटले. खाद्याची उधारी अजून फिटली नाही.

वाशिष्ठी
कोरोनाचं विचारलंच नाहीये. पुणे, कोंढवा. कोरोनाच्या बंदीमुळे गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकलेत.

खडीसाखर
तपकिरी ठिपका म्हणजे मांसाहारी, एवढंच. हलालसाठी जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट किंवा हलाल इंडियाचा शिक्का बघा.

मुंब्रावाला
शिक्क्याने काय होतं? मशीनची सुरी फिरते, बिस्मिल्ला कोण म्हणतं? खाटकाला फोन लावा, दुकान बंद असलं तरी ओळखीच्यांना कापून देतात.

खडीसाखर
सगळीकडे मशीन नसते, काही ठिकाणी माणूसच जबीहा करतो, म्हणजे अल्लाचं नाव घेऊन हाताने कापतो. आणि बंदीत चोरून कापायला लावून त्याला पोलिसांचे दांडके खायला घालायचे का?

मुंब्रावाला
आम्ही पंचवीस वर्षं समोर कापलेलंच खातो.

निळाई
एक महिना मसुराची आमटी खाल्ली तर काय बिघडेल?

वाशिष्ठी
माझं काही नाही हो. सासूबाईंचं मार्चमध्ये ऑपरेशन झालंय, रोजे धरत नाहीत. डॉक्टरांनी प्रथिनं वाढवायला सांगितलीत. डाळीला तोंड लावत नाहीत.

खडीसाखर
हे आधी सांगायचं ना! अंडी द्या, मासे द्या. माशाला जबीहा लागतच नाही. वाशिष्ठी नदीच्या नावावरून चिपळूणकडच्या वाटता. कोकणी असाल तर शाफई पंथाच्या, म्हणजे कोळंबीही चालते.

वाशिष्ठी
ताजी मासळी येत नाहीये. पण अम्मीने दिलेल्या सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, बरणी माळ्यावर आहे! मीठ जास्त असतं का त्यात?

निळाई
असतं. दोन-तीन पाण्यांतून काढा, कोमट पाण्यात भिजवा, वरून मीठ घालू नका. ऑपरेशन कसलं झालंय? डॉक्टरांना फोन करून विचाराच.

वाशिष्ठी
पित्ताशयाचं. विचारते. आज अंडी उकडते. त्या पाकिटाचं काय? ॲपवाले परत घेत नाहीत.

सह्यकडा
शेजारी कुणाला चालत असेल तर आजच द्या, फेकू नका.