शेवटचे दहा किलोमीटर आणि घरचे पहिले दहा दिवस : तुमचे अनुभव लिहा

पाचपाखाडी, ठाणे

लांबच्या सायकल प्रवासाची तयारी कशी करायची हे सांगणारे पुष्कळ भेटतात. गिअर कोणते, सामान किती, रोज किती किलोमीटर. प्रवास संपताना आणि संपल्यावर काय होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हा धागा. देश आडवा-उभा कसाही पार केला असेल तरी लिहा. घरच्यांनीही लिहा.

सुरुवात मी करतो. श्रीनगर ते कन्याकुमारी, राष्ट्रीय महामार्ग ४४, साधारण ३,७०० किलोमीटर, ३९ दिवस. ऑक्टोबरअखेर लाल चौकातून निघालो. पंजाबात शेतात जाळलेल्या परालीच्या (भाताच्या पेंढ्याच्या) धुराने डोळे चुरचुरत होते. हिंगणघाटजवळ कापसाच्या गाड्यांमागून संथ चाललो. तमिळनाडूत शिरल्यावर परतीच्या पावसाने दोन दिवस झोडपलं. या सगळ्यात कधी घाबरलो नाही. तिरुनेलवेलीच्या पुढे मुप्पंदलच्या पवनचक्क्या दिसल्या तेव्हा मात्र पोटात खड्डा पडला.

शुचींद्रम मागे पडलं की कन्याकुमारी दहा-बारा किलोमीटरवर राहते. ते अंतर मला अर्ध्या-पाऊण तासाचं. मी अडीच तास लावले. तहान नसताना शहाळं प्यायलो, मग शहाळंवाल्याशेजारी बसूनच राहिलो. रोज सकाळी उठून कुठे जायचं ते ठरलेलं असायचं, आणि उद्या तसं काही नव्हतं. समुद्राशी पोचलो तेव्हा भर दुपार. शंख-शिंपल्यांच्या दुकानांमधून सायकल हातात धरून चाललो, पुढचं चाक पाण्यात बुडवलं, तिरुवल्लुवरांच्या १३३ फुटी पुतळ्याकडे बघत बसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला लॉजवर जाग आली आणि हातांनी आपोआप पॅनियर (सायकलला अडकवायच्या सामानाच्या पिशव्या) भरायला घेतले. दोन्ही भरून झाल्यावर लक्षात आलं.

घरी आल्यावर भूक तशीच राहिली. रस्त्यावर दिवसाला चार वेळा पोटभर लागायचं, ठाण्यातही तेवढंच लागत होतं. महिन्याभरात चार किलो वजन वाढलं. जेवण हळूहळू कमी करायचं असतं आणि सायकलही एकदम बंद करायची नसते, हे आता कळतंय. संध्याकाळी साडेआठला झोप यायची. ऑफिसात कुणी "कसं झालं?" विचारलं की "मस्त" एवढंच तोंडातून निघायचं.

नेरूळ

माझं वय ४७. मी महामार्गाने न जाता किनाऱ्याने गेले. घरातून उरण, करंजा बंदरातून लाँचने रेवस. पुढे आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, धोपावे-दाभोळ आणि तवसाळ-जयगड, प्रत्येक खाडीवर जेट्टी. सायकल फेरीत चढवायची, पलीकडे उतरले की लगेच घाट. कोकणातला चढ दिसायला लहान, पण दिवसभरात तसे वीस येतात, त्यामुळे दमछाक आमच्याकडेच जास्त झाली. गोव्यानंतर रस्ता सपाट होतो. मरवंतेला एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी, मधून रस्ता. तिथे मी सायकलवरून उतरून पायी चालले.

कन्याकुमारीला आनंद झालाच, खोटं कशाला सांगू. पण माझे शेवटचे दहा किलोमीटर ते नव्हेत. तिरुवनंतपुरमहून नेत्रावती एक्स्प्रेस पकडली, सायकल सामानाच्या डब्यात. (हँडल वळवून बांधा, पेडल काढून जवळच्या पिशवीत ठेवा आणि पार्सल ऑफिसात दोन-तीन तास आधी जा.) दुसऱ्या दिवशी दुपार टळताना पनवेलला उतरले. नवरा गाडी घेऊन येतो म्हणत होता, मी नको म्हटलं. प्लॅटफॉर्मवरच पेडल लावले, सामान चढवलं आणि सायन-पनवेल रस्त्याला लागले. खारघर, बेलापूर, उलव्याकडे जाणारं वळण. वर्षभर याच रस्त्यावर पहाटे सराव केला होता, नेहमी घाईत, मुलांच्या डब्याच्या वेळेच्या आत परतायचं म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिथून सावकाश गेले. सोसायटीच्या गेटशी वॉचमनकाकांनी सायकल धरली. "ताई, आता चढवू नका, लिफ्टने नेतो," म्हणाले आणि मला रडू फुटलं.

शक्य असेल त्यांनी शेवटचा टप्पा घरापर्यंत सायकलनेच करावा, असं मनापासून सांगते.

ऐरोली

माझी गोष्ट वेगळी आहे आणि इथे लिहावी की नाही यावर दोन दिवस विचार केला. मीही श्रीनगरहून निघालो होतो. कर्नूलला रात्री फोन आला, बाबांना हॉस्पिटलात दाखल केलंय. सायकल लॉजच्या मालकांकडे ठेवली आणि मिळेल त्या गाडीने परतलो. बाबांची अँजिओप्लास्टी झाली. पुढचे दोन महिने सायकलचं नावही काढलं नाही.

विषय बाबांनीच काढला. गच्चीवर फेऱ्या मारताना म्हणाले, "कर्नूलपासून किती उरलंय?" मी म्हटलं, हजारेक किलोमीटर. "मग माझ्यासाठी थांबलायस का?" जानेवारीत परत गेलो. लॉजच्या मालकांनी सायकल पायऱ्यांखाली चादर टाकून ठेवली होती. टायर बसू नयेत म्हणून दर आठवड्याला हवा भरत होते. पैसे घेतले नाहीत.

अनंतपूर, बंगळुरू, सेलम, मदुराई करत पोचलो. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये व्हिडिओ कॉल लावून फोन हँडलला अडकवला. बाबा पूर्ण वेळ बघत होते, एक शब्द बोलले नाहीत. दोन तुकड्यांत केलं म्हणून काहीजण म्हणतात की हे पूर्ण केल्यात धरत नाहीत. तुम्हाला काय वाटतं?

पाचपाखाडी, ठाणे

ऐरोलीकर, पूर्ण झालं. वेळेची मर्यादा बीआरएममध्ये (ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या सायकल राइडमध्ये) असते, २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास, आणि तिथे ती हवीच. आपल्या प्रवासाला ती कुणी घातलीय? जिथे थांबलात तिथूनच पुन्हा निघालात, मधला एक किलोमीटर सोडला नाहीत. बाबांना माझा नमस्कार सांगा.

वाशी

निवृत्तीनंतर मुलाकडे गेलो असताना त्याच्यासोबत ब्रिटन उभं पार केलं, लँड्स एंड ते जॉन ओ'ग्रोट्स. रस्त्याने अंतर ८७४ मैल म्हणजे १,४०० किलोमीटरच्या वर धरतात, आम्ही आडरस्ते धरल्याने थोडं वाढलं. लोकांना वाटतं स्कॉटलंडचे डोंगर अवघड. आम्हाला कॉर्नवॉलच्या पहिल्या दोन दिवसांच्या छोट्या खड्या चढांनीच रडवलं. पाटीपाशी फोटो काढल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, मुख्य भूमीचं उत्तर टोक इथे नाही, डनेट हेडला आहे." दुसऱ्या दिवशी तिकडेही गेलो. इतकी वर्षं नोकरीत गेली, मुलासोबत सलग पंधरा दिवस त्याआधी कधी मिळाले नव्हते.

नौपाडा, ठाणे

मी सायकल दुरुस्त करतो. मोठ्या प्रवासाहून आलेली सायकल लगेच धुऊन चकाचक करू नका, आधी आहे तशी दाखवायला आणा. कुठे धूळ बसलीय, काय घासलंय, यावरून पुष्कळ कळतं. तीन-चार हजार किलोमीटरनंतर चेन लांबलेली असते, ती मोजून बदला. उशीर केला तर मागची चक्रीही जाते आणि खर्च दुप्पट होतो. ब्रेक पॅड, केबल, हबचं ग्रीस बघून घ्या. किनाऱ्याने आला असाल तर खारं पाणी नटांत बसलेलं असतं, महिनाभर तसंच राहिलं की सीटपोस्ट (सीटखालची दांडी) फ्रेममध्ये जाम होतो.

कोपरखैरणे

मी फिजिओथेरपिस्ट आहे. परतल्यावर करंगळी आणि अनामिका बधिर असल्याची तक्रार खूपजण करतात आणि घाबरतात. हँडलवर तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने आठ-आठ तास भार पडतो, तिथे अल्नर नस दबते. शर्टाची बटणं लावायला, किल्ली फिरवायला त्रास होतो. बहुतेकांचं काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत बरं होतं. पण बोटांतली ताकद कमी होत असेल तर वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. पुढच्या वेळी हँडल थोडं उंच घ्या, टेप जाड लावा आणि हाताची पकड दर दहा मिनिटांनी बदला.

कळवा

मी सायकल चालवत नाही. ह्यांनी गेल्या वर्षी श्रीनगर-कन्याकुमारी केलं. चाळीस दिवस मी फोनवर त्यांचा ठिपका बघत होते. ठिपका हलला नाही की भाजी करपायची.

परत आले ते गप्प गप्प. गॅलरीत उभं राहून रस्त्याकडे बघायचे. मला राग आला, वाटलं, घरी आल्याचा आनंदच नाही ह्यांना. मग एकदा जेवताना विचारलं, पहिल्या दिवशी काय खाल्लंत? ते सांगायला लागले आणि तास गेला. तेव्हापासून आम्ही ठरवलं, रोज रात्री जेवताना एकच दिवस सांगायचा, क्रमाने, पुढचा आधी नाही. मुलीने भिंतीवर नकाशा लावलाय, ती रोज एक टाचणी टोचते. मध्ये पाहुणे आले, मुलीची परीक्षा झाली, त्यामुळे खाडे पडले.

काल रात्री सागर झालं. आज नरसिंगपूर आहे.