विषय: जुनी पीटी क्रूझर घ्यावी का?

प्रेषक: डार्मश्टाटकर

नमस्कार मंडळी,

एप्रिलमध्ये नाशिकहून सासू-सासरे इथे जर्मनीत येतायत, तीन महिन्यांसाठी. सासूबाईंचे गुडघे फार दुखतात. मागच्या वेळी आमच्या छोट्या गाडीत बसताना त्यांना आधी पाठमोरं टेकायचं, मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा, असं करावं लागायचं. उतरताना दोघांनी हात दिल्याशिवाय जमायचं नाही. शेवटी शेवटी त्या "तुम्ही जाऊन या" म्हणायला लागल्या. या वेळी तसं व्हायला नको आहे.

म्हणून दुसरी गाडी बघतोय, बजेट बेताचं आहे. नवऱ्याने क्रायस्लरची पीटी क्रूझर हेरली आहे: २००३ सालची, २ लिटर पेट्रोल, गडद लाल. तो तिच्या रूपावर भाळलाय. ऑफिसातले जर्मन सहकारी मात्र नाव ऐकूनच नाक मुरडतात. त्याच विक्रेत्याकडे एक डिझेलवालीही आहे, थोडी स्वस्त. आपल्यापैकी कुणी वापरली आहे का? आम्ही दोघं, आमचं लहान मूल आणि ते दोघं, असे पाच जण नीट बसू का?

प्रेषक: कार्ल्सरूहकर

ताई, मी ही गाडी बरीच वर्षं चालवली, हीच २ लिटर पेट्रोल. तुमच्या सासूबाईंसाठी याहून सोयीची गाडी या पैशांत मिळणं अवघड आहे.

गाडी १ मीटर ६० सेंटिमीटर उंच आहे आणि आतली सीटही खुर्चीच्या उंचीवर आहे. दार उघडायचं, टेकायचं, वळायचं, झालं. मान वाकवावी लागत नाही. माझी आई नऊवारीत बसायची आणि कुणाचा हात न घेता उतरायची.

दुसरी गोष्ट मागची जागा. मागची सीट दोन तुकड्यांत आहे, ६५ आणि ३५ टक्के. दुमडता येते, पुढे उलटवता येते, आणि अख्खी काढून घरात ठेवता येते (जड आहे, दोघांनी उचला). पुढची शेजारची सीटही पुढे आडवी होते. मग आठ फुटी शिडी मागचं दार लावून आत मावते. मंडळाच्या गणपतीचं मखर, समया, पन्नास माणसांच्या भाताचं पातेलं, सगळं मी याच गाडीतून हॉलवर नेलंय. डिकीत एक फळी असते, ती वेगवेगळ्या उंचीवर अडकवता येते. आम्ही राइनकाठी तिच्यावर स्टोव्ह ठेवून चहा करायचो.

आता त्रासाच्या गोष्टी. वळायला फार जागा लागते. १६ इंची चाकं असतील तर वळणाचा घेर १२ मीटरच्या आसपास जातो, १५ इंची असतील तर बराच कमी. जुन्या पार्किंग इमारतींच्या गोल रॅम्पवर हा फरक लगेच कळतो, म्हणून चाकं आधी बघा. काचांची बटणं दारावर नाहीत, डॅशबोर्डच्या मध्यभागी वर आहेत, आणि मागच्यांची दोन सीटांच्या मधल्या खोक्याच्या मागच्या टोकाला. सवय होते. पेट्रोल शंभर किलोमीटरला नऊ लिटर धरून चाला, गावात त्याहून जास्त.

पाच जणांचं म्हणाल तर रुंदी १ मीटर ७० आहे. मागे चाइल्ड सीट आणि शेजारी दोन मोठी माणसं दाटीवाटीनेच बसतात. सासूबाईंना पुढे बसवा.

प्रेषक: मानहाइमकर

डिझेलच्या वाटेला जाऊ नका.

ते २.२ लिटरचं इंजिन मर्सिडीजचं आहे आणि चांगलं आहे, त्यात वादच नाही. ओढ छान, झडपा साखळीवर चालणारं, मुदतीला बदलायच्या टाइमिंग बेल्टची कटकट नाही. पण २००३ ची असेल तर ती युरो ३ (धुराच्या युरोपीय मानकाचा जुना वर्ग) आहे. मागाहून धूर गाळणारा फिल्टर बसवून घेतला नसेल तर काचेवर लावायला पिवळा स्टिकर मिळतो, आणि डार्मश्टाटच्या पर्यावरण झोनमध्ये (कमी धुराच्या गाड्यांनाच प्रवेश असलेला भाग) हिरवाच लागतो. २०१९ मध्ये तुमच्याकडे ह्यूगेलश्ट्रासं आणि हाइनरिखश्ट्रासं या रस्त्यांवर जुन्या डिझेलना बंदी आली होती, तो प्रकार आठवत असेलच. शिवाय कर. जुलै २००९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांचा कर इंजिनाच्या आकारावर आणि युरो वर्गावर आहे. २ लिटर पेट्रोल युरो ३ किंवा त्यापुढची असेल तर दर १०० सीसीला ६.७५ युरो, म्हणजे वर्षाला १३५. डिझेलला दर १०० सीसीला १५.४४, म्हणजे २.२ लिटरला जवळजवळ ३४०. स्वस्त डिझेलमध्ये वाचलेले पैसे काही वर्षांत असेच जातील.

युरोपात १.६ पेट्रोलही विकली गेली. ते इंजिन बीएमडब्ल्यू आणि क्रायस्लर यांच्या ब्राझीलमधल्या भागीदारीतलं, नव्या मिनीतही तेच होतं. साखळी आहे, कर १०८ युरो. पण मिनीला जे पुरतं ते या जड गाडीला पुरत नाही. पाच माणसं आणि सामान घेऊन ओडेनवाल्डचे चढ चढायचे तर २ लिटरच बरी.

२ लिटरला मात्र टाइमिंग बेल्ट आहे. ही एकच गोष्ट नीट तपासा. इंजिनाची जागा इतकी चिंचोळी की बेल्टपर्यंत पोचायला इंजिनाचा एका बाजूचा आधार सोडवावा लागतो. पट्टा स्वस्त, मजुरी महाग. पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो, तो त्याच वेळी बदलायचा असतो. विकणाऱ्याकडे बेल्ट आणि पंप दोन्हींचं बिल मागा. "बदललाय" एवढ्या शब्दावर जाऊ नका. बिल नसेल तर कामाचा खर्च आधी एखाद्या गॅरेजला विचारा आणि तेवढा किमतीतून कमी करून घ्या.

गाडी खालून बघाच. पुढच्या चाकांच्या लोअर आर्मचे रबरी बुश झिजतात, खड्ड्यावर ठक आवाज येतो आणि ट्यूफवाले (गाडीची सक्तीची तपासणी करणारे) तिथेच अडवतात. ट्यूफ नवी करून देणारा विक्रेता असेल तर उत्तम.

प्रेषक: श्टुटगार्टकर

माझं मत वेगळं आहे आणि मी ते स्पष्ट लिहितो, कारण प्रश्न कुटुंबाच्या गाडीचा आहे.

पीटी क्रूझर २००० साली बाजारात आली तेव्हा जुन्या रूपाच्या गाड्यांची लाट होती. फोक्सवागनने नवी बीटल आणली होती, पाठोपाठ मिनी आली. बीटल आणि मिनी निदान इथल्या लोकांच्या आठवणीतल्या गाड्या होत्या. पीटी क्रूझरने उचललं ते १९३०-४० च्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांचं रूप. ते क्रोमचं नाक, फुगलेले मडगार्ड, दारांचे बटणाचे हँडल, बिलियर्डच्या चेंडूसारखी गिअरची मूठ. डिझायनर ब्रायन नेस्बिट हे काम करताना अगदी तरुण होते, आणि त्यांनी ते मन लावून केलंय हे मान्य. पण त्या रूपाखाली २५ वर्षांपूर्वीचं तंत्र आहे. ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) आहे का, बाजूच्या एअरबॅग किती, चाइल्ड सीट अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या आहेत का, हे त्या विशिष्ट गाडीवर स्वतः बघा. नव्या गाड्यांना ईएसपी युरोपात २०१४ पासून सक्तीचं झालं, ते उगाच नाही.

दुसरं म्हणजे इथे आता क्रायस्लरची दुकानं उरलेली नाहीत. २०११ मध्ये उरलेली मॉडेलं लान्सिया या इटालियन ब्रँडच्या नावाखाली गेली, मग तीही आटोपली. तुमच्या गावातला मेकॅनिक हात लावायला तयार आहे का, हे आधी विचारा.

उंच बसायची सोय हवी तर स्कोडाची रूमस्टर बघा. २००६ नंतरची, उंची तेवढीच, आणि मागच्या तिन्ही सीटा सुट्या निघतात.

प्रेषक: म्युनिककर

मंडळी, थोडं जुनं सांगतो. मी परळचा.

श्टुटगार्टकर म्हणतात ते रूप युरोपचं नाही. बरोबर. पण ते आपल्या मुंबईला परकं नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लायमथ आणि फार्गो ट्रक तयार व्हायला लागले. पुढे तिथेच फियाट आली. माझ्या लहानपणी लग्नाच्या वरातीला डॉज असायची. त्यात माझे आजोबा काळी टोपी न काढता बसायचे.

टोपीचं मुद्दाम सांगतोय. १९४० च्या दशकात क्रायस्लरचे प्रमुख के. टी. केलर होते. त्यांचा आग्रह असायचा की माणसाला डोक्यावरची हॅट न काढता गाडीत बसता आलं पाहिजे. म्हणून त्या काळच्या गाड्यांचं छत उंच, सीट ताठ. पुढे गाड्या लांब, बुटक्या झाल्या आणि म्हाताऱ्यांचे हाल सुरू झाले. पीटी क्रूझरने जुनं नाक उचललं तसं जुनं छतही उचललं, आणि माझ्या मते खरं मोलाचं ते छत आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती उंची सजावट वाटत नाही. मी सत्तरी ओलांडली आहे. कुणाची गाडी घ्यायला येते म्हटलं की मी आधी विचारतो, उंच आहे का.

सूनबाई, सासूबाई आल्यावर गाडी घेण्यापेक्षा आधीच एखाद्या ज्येष्ठ मैत्रिणीला सोबत नेऊन बसवून बघा. तुम्ही स्वतः बसून काही कळणार नाही, तुमचे गुडघे शाबूत आहेत.

प्रेषक: कार्ल्सरूहकर

रूमस्टरबद्दल श्टुटगार्टकरांशी सहमत, गाडी चांगली आहे. पण बऱ्या अवस्थेतली रूमस्टर ताईंच्या बजेटात बसेल का, शंका आहे. ईएसपीचा मुद्दा मी खोडत नाही. ऑटोबानवर मी ही गाडी १२० च्या पुढे फारशी नेत नसे, हिवाळ्यात चांगले टायर घालायचो. वृद्ध माणसं घेऊन जाताना तसंही कुणी पळवत नाही.

गाडी अमेरिकन म्हणतात, पण बहुतेक मेक्सिकोत तोलुकाला बनल्या आणि सुरुवातीला काही ऑस्ट्रियात ग्राझला. उत्पादन २०१० मध्ये बंद झालं, पण जगभर तेरा लाखांहून जास्त विकल्या गेल्यात. झिजणारे सुटे भाग अजून ऑनलाइन सहज मिळतात. दारांची पट्टी, बंपर असलं काही तुटलं तर मात्र भंगारवाल्यांकडे शोधावं लागतं.

प्रेषक: डार्मश्टाटकर

सगळ्यांचे मनापासून आभार. डिझेल बाद केली.

आज विक्रेत्याला फोन केला. लाल गाडीची चाकं १५ इंची आहेत. बेल्टचं बिल आहे म्हणाला, पंपाचं आठवत नाही म्हणाला; दोन्ही फोटो काढून पाठवायला सांगितलंय. पंपाचं नसेल तर मानहाइमकर म्हणतात तसं किमतीत धरणार. आमच्या गल्लीतला गॅरेजवाला इटालियन आहे, तो म्हणाला गाडी आण, लिफ्टवर घेऊन खालून दाखवतो. आयसोफिक्स आणि एअरबॅगची यादी नवऱ्याकडे दिली आहे. त्यातलं काही कमी निघालं तर रूमस्टर शोधायची असं आमचं ठरलंय.

म्युनिककर काका, शनिवारी शेजारच्या आजींना सोबत नेतेय. त्यांचंही गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि त्या लगेच तयार झाल्या. कार्ल्सरूहकर दादा, शनिवारी अकराला मोकळे असाल तर तुम्हीही याल का? चालवून बघायला तुमच्याइतकं माहीतगार कुणी नाही. जेवण आमच्याकडे.