'मेलो', 'आऊट झालो' की 'बाद'? गेममधल्या मरणाला तुमच्याकडे काय म्हणतात?

वरणफळ:
आमच्याकडे रोज संध्याकाळी एक भांडण ठरलेलं. पोरगा नववीत, मोबाईलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळतो, कानात हेडफोन असल्यामुळे आपला आवाज किती चढलाय याचा त्याला पत्ता नसतो आणि बरोबर दिवेलागणीला ओरडतो, "मेलो मेलो मेलो, अरे उठव ना, मरतोय मी इथे". माझी आई देवापाशी बसलेली, ती तिथूनच, "अरे असं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते!" तो म्हणतो मग काय म्हणू आजी? आई म्हणते आऊट झालो म्हण. तो म्हणतो आऊट क्रिकेटमधे होतात. मी शहाणपणा करून म्हटलं 'बाद' म्हण, तर दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले की मीच बाद.
तर जाणकारांनो, याला आपल्याकडे धड शब्द आहे का? आमच्या लहानपणी, म्हणजे टीव्हीला जोडायचा गेम आणि पिवळी कॅसेट असायची तेव्हा, आम्ही 'लाईफ गेली' म्हणायचो असं आठवतंय. तुमच्याकडे?

मुक्काम_पोस्ट_डोंबिवली:
जान! "तीन जान आहेत", "एक जान गेली". चाळीत निम्मी पोरं हिंदी बोलणारी, त्यामुळे तेच चिकटलं. कॉन्ट्रा गेममधे दोघं खेळताना एकाच्या संपल्या की तो ए बटण दाबून दुसऱ्यातली एक ढापायचा, आणि मग "माझी जान का घेतलीस" यावरून खरोखरची मारामारी. हे वाक्य बाहेरून ऐकणाऱ्याला कसलं भयंकर वाटत असेल 😄
तीस जानवाला मंत्र आठवतो का कुणाला? अप अप डाऊन डाऊन लेफ्ट राईट लेफ्ट राईट बी ए. आमच्या मजल्यावर एकालाच पाठ होता, तो आम्हाला तोंड फिरवायला लावून दाबायचा. नंतर कळलं की हा कोड मुळात १९८६ च्या ग्रेडियससाठी काझुहिसा हाशिमोतो नावाच्या, कोनामी या गेम कंपनीतल्या माणसाने टाकला होता, कारण तो गेम तपासताना त्याला स्वतःलाच जमेना.

काकडीची_कोशिंबीर:
थोडं अवांतर. वरती सगळे 'तो गेम' म्हणतायत. आमच्याकडे 'ती गेम'. "कुठली गेम खेळतोयस?" नवरा म्हणतो हे चुकीचं आहे, खेळ पुल्लिंगी म्हणून गेम पुल्लिंगी. मी म्हणते मॅच ती, रेस ती, मग गेम तो का? बारा वर्षं झाली, निकाल लागलेला नाही.

वरणफळ:
@काकडीची_कोशिंबीर, दोन्ही ऐकलंय. फक्त मुंबईत 'गेम करणे' जपून वापरा, त्याचा अर्थ काटा काढणे. तिथे मात्र सगळे 'त्याचा गेम केला' असंच म्हणतात, म्हणजे एक मत तुमच्या मिस्टरांना.

भिडू_नंबर_दोन:
शब्द जुनेच होते हो, फक्त रिमोट हातात आला. (कंट्रोलरला आम्ही रिमोटच म्हणायचो, अजून म्हणतो.) मैदानावरची 'टॅम्प्लीज' आठवा. मूठ ओठांपाशी नेऊन टॅम्प्लीज म्हटलं की तुम्हाला कोणी आऊट करू शकत नाही. आता आमच्या गेमच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्ट बटणच नसायचं, ते फक्त पहिल्याला. म्हणजे पॉझ करायचा हक्क ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या पोराला, कारण पहिला रिमोट तो सोडणार नाही. मग मी दुसऱ्या रिमोटवाला, आईची हाक आली, शू लागली, काहीही झालं तरी ओरडायचो "टॅम्प्लीज घे ना रे, टॅम्प्लीज घे!" आणि तो मुद्दाम दोन सेकंद उशिरा दाबायचा, तेवढ्यात माझा माणूस खड्ड्यात. इथे शब्द तोच राहिला पण बदलला बघा, मैदानात टॅम्प्लीज म्हणायची असते, टीव्हीसमोर ती कोणाकडून तरी घ्यावी लागते.
तसंच 'कच्चं लिंबू'. धाकट्या भावाला न जोडलेला रिमोट द्यायचा आणि सांगायचं की तो मागचा ढग तू आहेस. पोरगं तासभर खूश. आत्ताची मुलं नवख्याला नूब म्हणतात पण नूब ही शिवी आहे, कच्चं लिंबू ही सोय होती.

मुक्काम_पोस्ट_डोंबिवली:
तो ढग तू आहेस 😂😂 मी पण तोच ढग होतो बहुतेक.

चटई_आणि_चुना:
उशिरा आलो, लांब लिहितो, माफी असावी. वय ६१, रत्नागिरीकडचा, कॉलेजपर्यंत कबड्डी खेळलोय. वरणफळ, तुमच्या आईंना सांगा की नातू काही नवीन अभद्र बोलत नाहीये. हुतुतूत आम्ही 'मेला'च म्हणायचो. चढाईवाला शिवून परत गेला की "गडी मेला, बाहेर हो". आणि मेलेला परत आत आला की 'जिवंत झाला' किंवा 'उठला'. कुणाच्या आजीने कधी हरकत घेतल्याचं आठवत नाही, कदाचित मैदान घरापासून लांब असायचं म्हणून असेल.
पण मुद्दा पुढे आहे. जुन्या कबड्डीचे प्रकारच मुळी मेल्यावर काय होतं यावरून पडलेत. संजीवनी, म्हणजे समोरचा एक मेला की आपला एक मेलेला उठतो, आजची कबड्डी याच वाटेची. गामिनी, म्हणजे मेला तो मेला, आख्खा संघ संपेपर्यंत बाहेर बसायचं. आणि अमर, म्हणजे मेलात तरी मैदान सोडायचं नाही, समोरच्याला गुण लिहायचा आणि वेळ संपेपर्यंत खेळत राहायचं.
माझा पुतण्या मागच्या सुट्टीत आला होता तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर बघत बसलो. एकात मेल्यावर तो हात डोक्यावर घेऊन बाकीच्यांचं बघत बसायचा, राऊंड संपला की परत सुरू. म्हटलं ही गामिनी. दुसऱ्यात मरतोय आणि लगेच पळतोय, वर नुसते आकडे वाढतायत, दहा मिनिटं झाली की खेळ खलास. म्हटलं हा अमर. तो म्हणाला काका ह्याला डेथमॅच म्हणतात. म्हटलं म्हणू देत.

काकडीची_कोशिंबीर:
काका, दंडवत. रिस्पॉनला, म्हणजे गेममधे मेल्यावर परत जिवंत होण्याला, 'संजीवनी' एवढा सुंदर शब्द घरात पडून होता आणि आम्ही 'पुनर्जन्म' वगैरे घासत बसलेलो.

भिडू_नंबर_दोन:
थोडा किस पाडतो. संजीवनीत समोरचा मेल्याशिवाय आपला उठत नाही. रिस्पॉनला अशी अट नसते, पाच सेकंद मोजायचे की आलात परत. त्यामुळे रिस्पॉनला अमरच जवळचं, संजीवनी नाही. आणि बीजीएमआय पूर्ण गामिनी पण नाही, नॉक झालेला गुडघ्यावर रांगत असतो तोवर भिडू येऊन उठवू शकतो. वरणफळांचा मुलगा ओरडतोय ते त्या मधल्या अवस्थेत, तो मेलेला नाहीच अजून. म्हणजे काटेकोर बोलायचं तर त्याने 'मेलो' म्हणू नये हे आजींचं बरोबर आहे, कारण वेगळं.

चटई_आणि_चुना:
मान्य. त्या रांगणाऱ्याला आमच्याकडे 'धरला' म्हणू. चढाईवाल्याचा पाय धरलाय, तो जीव खाऊन मधल्या रेषेकडे सरपटतोय, हात पोचला तर वाचला, दम तुटला तर मेला. तो जो मधला वेळ असतो ना, त्यात प्रेक्षक उभे राहतात.

लिंबूटिंबू:
मी इथे सहसा फक्त वाचते. शब्दांचा विषय निघालाच आहे तर, पॅकमॅन हे नाव जपानीतल्या 'पाकु पाकु' वरून आलंय, तोंडाची उघडझाप करत खाण्याचा आवाज. आपलं 'बकाबका'. १९८० चा गेम, जपानमधे आधी 'पकमॅन' नाव होतं. मराठीत आला असता तर सरळ बकासुर ठेवलं असतं नाव, गाडाभर ठिपके खातोच की तो.

वरणफळ:
मंडळी, अहवाल देतो. चटईकाकांचं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली हुतुतू मीही खेळलेय शाळेत, परकर खोचून, आणि आमच्यात पण मेली म्हणायचे, विसरलेच होते बघ. मग गामिनी आणि अमरमधला फरक मलाच परत विचारला, पोराने तिला शेजारी बसवून एक डाव दाखवला, 'धरला' शब्द त्याला फार आवडला, आता त्याचे भिडू पण म्हणतात म्हणे.
काल परत दिवेलागणीला ओरडला, "मेलो मेलो!" आई निरांजनात तूप घालत होती. मान पण वर न करता म्हणाली, "मेलास की धरलाय नुसता ते नीट सांग. मेला असशील तर जेवायला ये."