वळणावर भार कोणत्या चाकावर? 'आतल्या' म्हणणाऱ्यांसाठी

काळीमाती: काल इथं एकानं ठोकून दिलं: "वळणावर गाडी आत झुकते, भार आतल्या चाकांवर येतो, म्हणून समोरचे टायर आतून खातात. नवी जोडी नेहमी पुढेच टाका." खाली 'बरोबर भौ'ची रांग. राजेहो, आत झुकते ती मोटारसायकल. कार बाहेर कलते. घाटात मागच्या सीटवर बसलेला माणूस कोणत्या दाराला चिकटतो ते आठवा.

हिशोब क्विंटलमध्येच मांडतो. दहा क्विंटलची कार, ३० मीटर त्रिज्येचं वळण, वेग ४०. दोन्ही बाजूच्या चाकांत दीड मीटर अंतर आणि गाडीचा गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच धरला, तर साधारण १४० किलो आतून बाहेर सरकतात. म्हणजे बाहेरच्या दोन चाकांवर ६४०, आतल्या दोनवर ३६०. वेग ६० केला की बाजूचं ओढणं सव्वादोन पट होतं, आणि तेवढी पकड साध्या टायरात नसतेच. त्यात गोम अशी की टायरवर भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. आतलं चाक जेवढं गमावतं तेवढं बाहेरचं कमावत नाही. छतावर पोती बांधली की गुरुत्वमध्य आणखी वर, म्हणजे आणखी तोटा. आणि नवी जोडी पुढे नाही, मागे टाका.

घाटवाला: गनित शायेत शिकवा, सर. मी परतवाडा-सेमाडोह-धारणी गाडी चालवतो. वळवते समोरचं चाक, ब्रेकचा जास्त जोर समोरच्यावर, इंजिनची ओढ पन समोरच. मंग नवे टायर मागं टाकून पूजा करू काय त्याईची? माह्या साळ्यानं तुमच्यासारख्याचं आयकून मागं टाकले. घटांगच्या खाली गाडी सरळ नालीत.

काळीमाती: सरळ गेली ना? समोरचे घासलेले असले की गाडी सरळ जाते, माणूस ॲक्सिलरेटर सोडतो, बहुतेकदा सावरतो. मागचे गुळगुळीत असते तर पावसात शेपूट फिरलं असतं, आणि नालीऐवजी समोरून येणारी एसटी भेटली असती. साळ्याला विचारा, समोरच्या टायरच्या खाचा किती उरल्या होत्या. १.६ मिलिमीटरखाली कायद्यानंच टायर बाद.

पंक्चरवाली_ताई: दोघंही थांबा. टायर मी उतरवते, तुम्ही नाही. आतून खाल्लेला टायर वळणानं खात नाही, अलाइनमेंट बिघडल्यानं खातो. आमच्याकडच्या खड्ड्यांत ते कधी बिघडतं कळतही नाही. टायरवर तळहात आडवा फिरवून पाहा: एका दिशेनं गुळगुळीत, उलट दिशेनं करवतीसारखं लागलं तर चाकाची तोंडं जुळलेली नाहीत. हवा कमी ठेवून जोरात वळवणाऱ्याचा टायर बाहेरच्या खांद्यावर झिजतो, तिथले अक्षरंही पुसतात. आणि 'खड्ड्यात हवा कमीच बरी' म्हणणाऱ्यांनी माझं दुकान चालवलंय, त्यांना काही बोलणार नाही.

रस्ता_कुठाय: टायरवर एवढी पीएचडी, अन् रस्त्यावर कोणी बोलत नाही! वळणावर बाहेरची कड उंच पायजे. रस्त्यांची मापं ठरवनाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचं माप सपाट भागात ७ टक्क्यांपर्यंत, बर्फ नसलेल्या घाटात १० टक्क्यांपर्यंत. पावणेचार मीटरच्या रस्त्याला ७ टक्के म्हणजे बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा वीतभराहून जास्त उंच. आमच्या गावच्या वळणावर उलटा उतार हाय, बाहेरच्या कडेनं पानी वाहते! त्यात खाली काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा. दर वर्षी तेच वळण खचते अन् तोच ठेकेदार येते.

घाटवाला: हे मातर खरं.

डांबरी: ठेकेदाराला शिव्या देणं सोपं. कड मोडतं कोण? कापूस डोंगरासारखा भरून जिनिंगला जाणारे पिकअप. मी साइटवर काम केलंय. ताज्या कडेवरून चाक उतरवतात आणि वर आम्हालाच दात दाखवतात.

रस्ता_कुठाय: कापसावर आला काय तू? भाव पडला की शेतकरी, रस्ता खचला तरी शेतकरीच. दोन खेपा मारायला डिझेल तुहा बाप देते काय?

डांबरी: बापावर जायचं काम नाही. तीच उंच भरलेली गाडी त्याच वळणावर उलटते, तेव्हा 'रस्ता खराब' म्हणून फोटो कोण टाकतं?

पंक्चरवाली_ताई: अन् तिचे टायर रात्री दहाला माझ्याकडे येतात. दोघंही उधार ठेवता, तिथं बरं एकमत हाय.

घाटवाला: बरं सर, भार बाहेरच्या चाकावर, मानलं बाप्पा, सत्कार ठेवू तुमचा. पन नवे टायर मी पुढंच टाकनार, पैसे माहे हायेत.

काळीमाती: टाका. फक्त पावसाळ्यात तुमच्या मागं कोण चालवतंय त्याला सांगून ठेवा. आणि डांबरी, उलट्या उताराचं उत्तर राहिलंच.