सुपराक्लॅव्हिक्युलरला १५ मिली पुरतात म्हणणाऱ्यांसाठी

कृष्णाकाठ : मनगटाच्या ऑपरेशनआधी हासळीच्या हाडावर सुई देऊन हाताच्या नसा (मज्जातंतू) बधिर करतात, तो सुपराक्लॅव्हिक्युलर ब्लॉक. परवा इथेच एकाने ठणकावून लिहिलं, "सोनोग्राफीवर नस दिसते. मग सुपराक्लॅव्हिक्युलर ब्लॉकला १५ मिलीच्या वर औषध देणं हा अडाणीपणा आहे." राहवलं नाही. नस दिसली म्हणजे औषध तिच्या चहूबाजूंनी पसरलं असं होत नाही. डुगन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सोनोग्राफीखालीच मोजलंय: ब्लॉक नीट लागायला निम्म्या रुग्णांना २३ मिली पुरतात, ९५ टक्क्यांना ४२ लागतात. पंधरात अल्नर, म्हणजे करंगळीकडची नस, बधिर व्हायची राहते. सर्जनने करंगळीकडे चिमटा लावला की रुग्ण हात ओढून घेतो. मग गुंगीसाठी केटामीन, आणि शेवटी पूर्ण भूल.

नवी_सुई : अडाणीपणा म्हणणारी मीच. ४८ किलोच्या आजींना ४२ मिली द्याल? बधिर करणाऱ्या अर्धा टक्का बुपिवाकेनचे २१० मिलीग्रॅम होतात. किलोला २ मिलीग्रॅम धरले तर मर्यादा ९६, म्हणजे जेमतेम १९ मिली. रियाझींचा २००८ चा इंटरस्केलिनचा (खांद्यासाठी मानेत देतात त्या ब्लॉकचा) अभ्यास बघा. ५ आणि २० मिलीत वेदनाशमन सारखंच, पण २० मिलीवाल्या सगळ्यांचा त्या बाजूचा डायफ्राम (श्वासाचा पडदा) लुळा, ५ वाल्यांत ४५ टक्के.

कृष्णाकाठ : खांद्याचा ब्लॉक मनगटाच्या वादात कशाला? आणि ४२ द्या असं मी कुठे लिहिलंय? ०.३७५ टक्के करून २५ मिली द्या. ९४ मिलीग्रॅम. बसलं ना तुमच्या ९६ मध्ये?

हाडाचा_सर्जन : पातळ करा आणि मला पाऊण तास बसवा! हात रंगवून, कापड टाकून तयार, आणि रुग्ण म्हणतो, "डॉक्टर, अजून कळतंय."

तालुक्याचा_भूलवाला : तुमचं मिलीवरून चाललंय, आमच्याकडे सोनोग्राफीचं मशीनच नाही. मी रोज नर्सिंग होम फिरतो. स्वतःचं पोर्टेबल मशीन गाडीत टाकून नेलं तर पीसीपीएनडीटीचा, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदी कायद्याचा, गुन्हा. २०१२ पासून ते नोंदलेल्या जागेबाहेर काढता येत नाही. म्हणून अजून नर्व्ह स्टिम्युलेटर (बारीक विजेने नस शोधणारं यंत्र) आणि ३० मिली. मानेतली नस बघणाऱ्याला कसली शिक्षा ही?

बालाघाटची : कायदा ढिला करा म्हणू नका. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. पुढच्याच वर्षी परळीत गर्भलिंग बघून गर्भपात करणारं रुग्णालय उघडकीला आलं, आठवतंय ना? त्याच मशीनला पोटाचा प्रोब लावायला मिनिट लागतं.

तालुक्याचा_भूलवाला : म्हणजे मी गर्भ बघतो असं म्हणायचंय? तोंड सांभाळून लिहा. फक्त लिनियर प्रोब (वरवरच्या नसा बघायचा) चालेल असं मशीन नोंदवून द्या, सील करा, रोज तपासा. पण द्या.

बालाघाटची : तसं मशीन असेल तर माझी हरकत नाही. तोवर आहे. आणि तुमच्यावर आरोप केलेला नाही.

नवी_सुई : मूळ मुद्द्यावर या. अल्नरचं मान्य, पण त्याला उपाय नुसतं औषध वाढवणं नाही. सुई धमनी आणि पहिल्या बरगडीच्या कोपऱ्यात न्या, तिथे निम्मं सोडा. मी इतकी का भांडते तेही ऐका. शिकत असताना एका रुग्णाला मनगटासाठी ब्लॉक दिला होता. तो म्हणाला, तोंडात लोखंडाची चव येतेय, ओठ जड झालेत. औषध रक्तात गेलं होतं. पाठोपाठ आकडी. उतारा म्हणून २० टक्के लिपिड (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण) हवं होतं, किलोला दीड मिली. ते खालच्या मजल्यावर, फार्मसीच्या कुलपात. वाचला तो. पण किल्ली शोधणारी सिस्टर मला अजून दिसते.

कृष्णाकाठ : आमचं लिपिड भुलेच्या ट्रॉलीतच असतं. कोपऱ्याचं बरोबर आहे, तेवढ्यापुरतं २५ वरून २० वर येतो. १५ वर येणार नाही.

हाडाचा_सर्जन : वीस द्या, पण रुग्ण टेबलावर यायच्या आधी द्या.