डेस्क जॉबमुळे पाठीला बाक आलाय, ३६ व्या वर्षी सरळ होतो का?

खिडकीतली_मांजर:
नमस्कार मंडळी. वय ३६, उंची पाच फूट, आयटीत टेस्टिंगला आहे. आठवड्यातून दोनदा हिंजवडी, बाकी सगळं घरून, डायनिंग टेबलवर लॅपटॉप ठेवून. परवा भाचीच्या बारशाचे फोटो आले, त्यात मी एका बाजूने दिसतेय आणि मान अक्षरशः पुढे आलेली, खांदे गोल, मानेखाली उंचवटा पण दिसतोय. आई "पोक काढून बसू नकोस" हे मी शाळेत असल्यापासून म्हणतेय त्यामुळे ते आता कानावरून जातं. पण हल्ली संध्याकाळी उजव्या फऱ्यापाशी गाठ असल्यासारखं दुखतं आणि गाडी रिव्हर्स घेताना मान आखडते. नवरा म्हणतो ऑनलाइन तो पट्टा मिळतो ना खांदे मागे ओढून धरणारा, तो मागव. कोणी वापरलाय का? आणि मुळात या वयात फरक पडतो का की आता हे असंच राहणार?

भटक्या_ठाणे:
पट्टा आहे माझ्याकडे, हवा असेल तर फुकट देतो 😀 घातला की ताठ, काढला की परत जैसे थे, वर आपल्या उकाड्यात काखेत घामोळं येतं ते वेगळंच. त्यापेक्षा साधा वेगळा कीबोर्ड आणि माऊस घे. लॅपटॉपची गोची अशी आहे की स्क्रीन आणि कीबोर्ड एकाच डब्यात, स्क्रीन वर घेतली की हात लटकतात आणि हात नीट ठेवले की मान खाली जाते, दोन्ही जमणं शक्यच नाही. मी लॅपटॉप जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर चढवलाय, वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि हातभर लांब. स्टँडबिंड काही लागत नाही.

फिजिओ_नाशिक:
ताई, आधी एक करून बघा. भिंतीला टाचा, कुल्ले आणि पाठ टेकून उभ्या रहा आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला लागते का बघा, हनुवटी वर न करता. लागली तर हाडात काही अडकलेलं नाही, सवयीचा बाक आहे आणि तो बऱ्यापैकी जातो, ३६ काय ५६ ला पण. थोडी ओढाताण झाली तरी हरकत नाही. अजिबात लागत नसेल तर मात्र प्रत्यक्ष दाखवा.
होतं काय की सतत पुढे वाकून छातीचे आणि मानेच्या मागचे वरचे स्नायू आखडतात, आणि दोन फऱ्यांमधले व गळ्याच्या आतल्या बाजूचे ढिले पडतात. यांदा नावाच्या चेक डॉक्टरांनी या जोडीला अपर क्रॉस्ड सिंड्रोम म्हटलं. म्हणून नुसतं ताणून भागत नाही, ढिल्या बाजूला ताकद पण द्यावी लागते, पट्टा नेमकं तेच करू देत नाही.
आणि मान वाकवली की २७ किलो वजन पडतं असं जे चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते २०१४ मधल्या एका कॉम्प्युटर मॉडेलवरून आलंय आणि तेही ६० अंश मान खाली घातली तर. त्याने घाबरून काटकोनात बसू नका, दिवसभर ताठ बसलात तरी दुखणारच. अर्ध्या तासाने जागचं हलणं जास्त महत्त्वाचं.
टेबल किती उंच आहे आणि पाय जमिनीला टेकतात का ते सांगा.

खिडकीतली_मांजर:
भिंतीचं केलं. डोकं लागतं पण हनुवटी जराशी वर जाते, नेटाने आत ओढली तर लागतं. टेबल मोजलं, ३० इंच. पाय टेकवायचे तर खुर्चीच्या कडेवर यावं लागतं, मागे टेकून बसले की लोंबकळतात 🙈

फिजिओ_नाशिक:
मग अर्धं उत्तर इथेच मिळालं बघा. कडेवर बसल्यावर पाठीला आधारच राहत नाही, मग शरीर पुढे कलणारच. पाच फुटी माणसाला ३० इंची टेबल उंच पडतं, कीबोर्डसाठी खांदे उचलले जातात आणि तुमची फऱ्यापाशी जी गाठ आहे ती बहुधा तिथलीच. खुर्चीवर घट्ट उशी घेऊन इतक्या वर बसा की कोपर टेबलाच्या पातळीला येईल, आणि पायाखाली जेवायला बसायचा लाकडी पाट घ्या. कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी. ऑफिसात फूटरेस्ट मागा, लाजू नका.
व्यायाम तीनच सांगतो, जास्त सांगितले की कोणी करत नाही. हनुवटी सरळ मागे ओढायची (खाली नाही, मागे, डबल चिन दिसली की बरोबर चाललंय), पाच सेकंद धरून दहा वेळा. दाराच्या चौकटीला दोन्ही हात कोपरापासून टेकवून छाती पुढे, अर्धा मिनिट. आणि पालथं झोपून हात दोन्ही बाजूंना पसरून अंगठे छताकडे, फरे एकमेकांकडे आणत हात उचलायचे. हा तिसरा कंटाळवाणा आहे पण खरं काम तोच करतो. दोनेक महिने धरून चाला.
हाताला मुंग्या, बधिरपणा, पकड ढिली होणं असलं काही असेल तर व्यायाम राहू दे, आधी डॉक्टर. मानेखालचा उंचवटा वाढतच चाललाय किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत असं असेल तरी सांगा त्यांना.

निवृत्त_अभियंता:
एक वेगळा मुद्दा, चष्मा कुठला आहे? प्रोग्रेसिव्ह असेल तर वरचं सगळं उलटं पडतं. जवळचा नंबर खालच्या भागात असतो, स्क्रीन वर ठेवली की माणूस हनुवटी वर करून त्या खालच्या फटीतून बघत बसतो आणि मान मागून चेपली जाते. मी नोकरीत असताना वर्षभर मानेला शेक देत होतो, शेवटी चष्मेवाल्यानेच सांगितलं की मॉनिटर खाली घ्या नाहीतर कॉम्प्युटरसाठी वेगळा एकच नंबर करा. ३६ ला नसेल लागला अजून, पण चाळिशीतल्यांनी दिवाळी अंक रचायच्या आधी हे बघावं.

कोकणी_मेवा:
पुण्यात आहेस तर मॉडेल कॉलनीतली अय्यंगारांची योगसंस्था आहे की, १९७५ पासूनची. खुर्ची, दोर, लोड असं सगळं वापरून छाती उघडायची आसनं करून घेतात, आपल्यासारख्या आखडलेल्यांना ते बरं पडतं. यूट्यूब बघून एकदम बारा सूर्यनमस्कार नको घालू, माझी कंबर धरली होती.

खिडकीतली_मांजर:
चष्मा साधा आहे काका, लांबचा. मुंग्या वगैरे काही नाही, गोळ्याही नाहीत. पाट देवघरातून उचललाय, सासूबाईंनी भुवया उंचावल्यात, नवीन घेते. @भटक्या कीबोर्ड वायरचा चालेल ना? आणि स्टँडअप कॉल मी आता उभं राहूनच घेणार, नावाला तरी जागेल.

भटक्या_ठाणे:
वायरचा मस्त चालतो. फक्त उजव्या बाजूला नंबर पॅड नसलेला छोटा घे, नाहीतर माऊस लांब जातो आणि परत उजवा खांदाच बोंबलतो.