चर्चा: २१०० पुस्तकांची यादी साइटवर एकगठ्ठा चढवावी का?

महालातला_वाचक
आम्ही नागपूरचे अकरा जण जुन्या मराठी पुस्तकांची एक हौशी साइट चालवतो. विक्री नाही, जाहिरात नाही. कोणाच्या कपाटात कुठल्या पुस्तकाची कुठली आवृत्ती आहे, एवढंच. सुरुवातीपासून नियम एकच: नोंदीसोबत दोन फोटो हवेतच. एक मुखपृष्ठाचा, दुसरा आवृत्ती, मुद्रक, किंमत छापलेल्या पानाचा. दोन वर्षांत ३४० नोंदी झाल्या.

आता आमच्यातल्या धरमपेठेच्या काकांनी त्यांची एक्सेलची यादी पाठवली आहे. २१०० ओळी. फोटो एकही नाही. म्हणतात, एका रात्रीत चढवून टाक, साइट भरल्यासारखी दिसेल.

माझं मत: अजिबात नको. त्यांच्या घरी बसून मी त्यातल्या तीस ओळी पुस्तकाशी ताडून पाहिल्या. 'पहिली आवृत्ती' लिहिलेल्या नऊपैकी चार दुसऱ्या-तिसऱ्या निघाल्या. चूक कशी होते तेही कळलं. पुनर्मुद्रणात पहिल्या आवृत्तीचं साल सगळ्यात वर छापलेलं असतं, घाईत तेच उतरवलं जातं. एका ओळीत साल १८५२! पान उघडलं तर 'शके १८५२', म्हणजे इसवी सन १९३०-३१. शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन असेल तर ७९. ती ओळ तशीच गेली असती तर आमच्या साइटवर सत्तावनच्या उठावाआधीचं पुस्तक झळकलं असतं.

तर्री_जास्त
भाऊ, दोन वर्षांत ३४०. या चालीनं २१०० ला बारा वर्षं लागतील. तोवर काका राहतील का, पुस्तकं राहतील का, आणि तुझा उत्साह तरी राहील का?

आमच्या इतवारीच्या घरी मामांची दोन कपाटं होती. गेल्यानंतर वर्षभर कोणी उघडली नाहीत, मध्ये एक पावसाळा गेला. उघडली तेव्हा पुस्तकं ओळीनं उभी होती, कण्यावरची नावंसुद्धा वाचता येत होती. म्हणून एक ओढलं, तर कणा हातात आला आणि मागून भुसभुशीत माती. वाळवीनं आतून सगळं खाल्लं होतं, बाहेरचा पुठ्ठा तेवढा सोडला. नंतर सगळं पोत्यात भरलं. आज विचारलं की मामांकडे काय काय होतं, तर मला वीस नावंही सांगता येत नाहीत. साल चुकलेली, शके-इसवी घोळ असलेली का होईना, यादी असती तर मी ती उराशी धरली असती. तुला चार चुका दिसून राहिल्या, मला २१०० नावं दिसून राहिली.

महालातला_वाचक
मामांचं वाचून वाईट वाटलं. पण काकांची यादी आहेच ना, त्यांच्याकडे आणि आता माझ्याकडेही. ती पेन ड्राइव्हवर ठेवू, मेलवर ठेवू, छापून बांधून ठेवू. जपणं वेगळं आणि साइटवर टाकणं वेगळं. साइटवर टाकलं की लोक त्यावर विसंबतात.

दहा_बाय_दहा
अकरा जणांसाठी स्वतःची साइट काहून पाहिजे? फुकटच्या जागा कितीतरी आहेत.

कोड_आणि_कसर
ऑर्कुटही फुकट होतं, २०१४ ला बंद झालं. गूगल प्लस २०१९ ला. पुढे.

साइटचं कोडिंग मी बघते, म्हणून माझी वेगळीच तक्रार. परवा मी आपल्या साइटवर 'वऱ्हाड' शोधलं. सहा पुस्तकं आली. मी स्वतः अकरा चढवलेली आहेत. पाच गेली कुठे? दोन तास डोकं खाजवल्यावर सापडलं: काही जणांच्या कीबोर्डवरून खाली टिंब असलेला ऱ उमटतो, काहींच्या कीबोर्डवरून साधा र, त्याला हलन्त आणि पुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही 'वऱ्हाड'च. संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. व्हॉट्सॲपमधल्या ॲ चं तेच रडगाणं. विदर्भातल्या माणसांच्या साइटवर वऱ्हाड सापडू नये, याला काय म्हणावं?

आणि जुन्या पुस्तकांवर 'कांहीं', 'नांव' असं छापलेलं. १९६२ च्या नियमांनी ते अनुस्वार गेले, त्यामुळे आजचा वाचक 'काही' टाइप करणार आणि पुस्तक हाती लागणार नाही. मी प्रत्येक नोंदीमागे एक लपलेलं शोधरूप ठेवायचं ठरवलं आहे. शीर्षक छापलंय तस्संच दिसेल, पण शोधताना अनुस्वार काढलेले, ऱ्हस्व-दीर्घ एक केलेले, ती न दिसणारी चिन्हं उडवलेली. थोडे फालतू निकाल येतील, येऊ देत. यादी हळू चढवा की एकगठ्ठा, त्याआधी मला पंधरा दिवस द्या.

आणखी एक मागणी येते, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, सक्तीचा करा म्हणून. कृपा करून नको.

एक्सेलवाले_काका
मीच तो. चार चुका निघाल्या हे लिहिलंस, पाच बरोबर निघाल्या तेही लिही ना बाप्पा. आणि धरमपेठ लिहायची गरज नव्हती. उन्हाळ्यात महिना-महिना मुलीकडे असतो, घर बंद असतं. कोणाकडे काय आहे हे सांगणाऱ्या साइटवर निदान कोण कुठे राहतो हे तरी नसावं. नावाऐवजी एक क्रमांक द्या.

आयएसबीएनचं ताईंनी बरोबर सांगितलं. तो आकडा आला १९७० च्या सुमारास, तेरा आकडी झाला २००७ पासून. माझी निम्म्याहून जास्त पुस्तकं त्याच्या जन्माआधीची आहेत. दिवाळी अंकांना कुठून आणू? 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ चा.

आता माझं म्हणणं. मी ७१ वर्षांचा. ही यादी करायला चार उन्हाळे गेले, दुपारी कूलरसमोर बसून. चुका असतील. 'न तपासलेली' असा लाल शिक्का मारा आणि चढवा. कोणाला चूक दिसली तर तो सांगेल.

फुटपाथ_बर्डी
काका, शिक्का कोणी वाचत नाही हो. मागच्या वर्षी एका विक्रेत्यानं आपल्याच साइटच्या पानाचा फोटो काढून, खालचं 'दुसरे मुद्रण' कापून, कॉलेजच्या एका पोराला 'पहिली आवृत्ती' म्हणून पुस्तक विकलं. १८०० रुपयांना. पोरगं माझ्याकडे आलं विचारायला. आपल्याकडे मुद्रणाच्या पानाचा फोटो होता म्हणून तिथल्या तिथे दाखवता तरी आलं. तुमच्या २१०० ओळींमागे दाखवायला काय आहे? लाल शिक्का कापायला कात्रीही लागत नाही, बोट पुरतं.

तर्री_जास्त
म्हणजे चोर कापतो म्हणून आपण लिहायचंच नाही? मग फोटो असलेल्या नोंदीही काढून टाका, त्यातलंही कापलंच ना त्यानं.

जुना_अंक
मुखपृष्ठांच्या फोटोंचंही एकदा बघा. चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ ला गेले, त्यांच्या चित्रांचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षांच्या हिशेबानं २०३१ अखेरपर्यंत चालतो. नोंदीपुरता लहान फोटो ठेवा, भिंतीवर लावण्याइतका मोठा नको. लहान ठेवला तर साइटही चटकन उघडेल. सध्या माझ्या फोनवर एक पान उघडेपर्यंत चहा होतो.

महालातला_वाचक
फोटोंचं मान्य. थेट फोनवरचे चार-चार एमबीचे चढवत होतो, चूक माझीच. काका, मोहल्ला लिहिल्याबद्दल माफ करा, आता पुसता येत नाही. क्रमांकाची सूचना लगेच घेतो.

यादीबद्दल: तर्रीभाऊ, रात्री तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. एक तोडगा सुचतोय. २१०० ओळी चढवू, पण फक्त नाव आणि लेखक. आवृत्ती आणि साल हे रकाने कोरे. चुका सगळ्या तिथेच आहेत, आणि जे लिहिलेलंच नाही ते कापून कोणाला विकता येणार नाही. फोटो आला की रकाना भरायचा. तोवर निदान पुस्तक आहे एवढं कळेल.

एक्सेलवाले_काका
चार उन्हाळ्यांचं काम, आणि त्यातली सालंच काढून टाकायची? मला पटलेलं नाही.

फुटपाथ_बर्डी
मला पटलं.

तर्री_जास्त
अर्धं पटलं. पण रकाने भरणार कोण? पुन्हा बारा वर्षं?

महालातला_वाचक
दोघांनी बसलं तर तासाला पंचवीस पानांचे फोटो निघतात, मी मोजलंय. एक जण पुस्तक उघडतो, दुसरा फोन धरतो. काका, रविवारी येऊ का?

एक्सेलवाले_काका
ये. पण सकाळी नऊच्या आत, नंतर वरच्या खोलीत बसवत नाही. आणि खिडकीखालच्या कप्प्यापासून सुरू कर, तिथे ओल येते. तर्रीलाही आण, तो फोन धरेल.